एकच शब्द पुन्हा पुन्हा : जुन्या मराठी वाङ्मयातील आवर्तनांविषयी

निळी शाई (धागाकर्ती)

जुने मराठी काव्य वाचताना एकच शब्द, एकच प्रत्यय किंवा वाक्याची एकच घडण वारंवार समोर येते आणि ‘ही लयीची सोय आहे’ असे म्हणून आपण पुढे सरकतो. शाळेत शिकलेल्या अलंकारांनी ही सवय पक्की केली आहे. अनुप्रासात अक्षरे मोजायची, यमकात चरणांचे शेवट पाहायचे, अलंकाराचे नाव लिहायचे आणि गुण घ्यायचे. त्या आवर्तनाने त्या कवितेत कोणते काम केले, हे मात्र कोणी विचारत नाही. संस्कृत काव्यशास्त्राने पुनरुक्तीला दोषांत बसवले. पण तोच शब्द त्याच अर्थाने परत आला आणि वाक्यातील त्याचा अन्वय बदलून तात्पर्य वेगळे झाले, तर त्याला लाटानुप्रास म्हणून अलंकाराचा मान दिला. ही सूट मला फार मोलाची वाटते, कारण परत येणारा शब्द या खेपेस कोणत्या नात्याने आला आहे, हे तपासण्याचे काम ती वाचकावर सोपवते.

माझे म्हणणे थोडक्यात मांडते. आवर्तनाचा अर्थ बहुधा ते जिथे थांबते, किंवा जिथे त्याची वाक्यातील जागा बदलते, तिथे सापडतो. तुकोबांचा सर्वांच्या तोंडी असलेला अभंग घेऊ.

आनंदाचे डोहीं आनंदतरंग । आनंदचि अंग आनंदाचें ॥
काय सांगों जालें कांहींचियाबाही । पुढें चाली नाहीं आवडीनें ॥
गर्भाचे आवडी मातेचा डोहळा । तेथींचा जिव्हाळा तेथें बिंबे ॥
तुका म्हणे तैसा ओतलासे ठसा । अनुभव सरिसा मुखा आला ॥

पहिल्या दोन चरणांत ‘आनंद’ चार वेळा येतो. डोह आनंदाचा आहे, त्यावरचा तरंग आनंद आहे, त्याचे अंगही आनंदच आहे, आणि ते अंग पुन्हा आनंदाचेच आहे. शब्द षष्ठीतून निघून षष्ठीत परत येतो आणि वर्तुळ पूर्ण होते. त्यानंतर अभंग संपेपर्यंत हा शब्द एकदाही येत नाही. लगेच पुढचे उद्गार आहेत, ‘काय सांगों’. एखाद्या सामान्य कवीने आनंदाचे वर्णन शेवटपर्यंत ताणले असते. तुकोबा दोन चरणांत शब्द पुरता वापरून टाकतात आणि उरलेला अभंग शब्द संपल्यावर काय होते ते सांगतो.

आता दुसरा अभंग पाहा. तेथे शब्द थांबत नाही, तर त्याला बढती मिळत जाते.

आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें । शब्दांचींच शस्त्रें यत्न करूं ॥
शब्दचि आमुच्या जीवाचें जीवन । शब्द वाटूं धन जनलोकां ॥
तुका म्हणे पाहा शब्दचि हा देव । शब्देंचि गौरव पूजा करूं ॥

प्रत्येक कडव्यात ‘शब्द’ दोनदा आहे. आरंभी शब्द हा दुसऱ्या वस्तू घडवण्याचा ऐवज आहे. त्याची रत्ने होतात, शस्त्रे होतात. मग तो स्वतःच जीवन होतो. शेवटी तोच देव आहे आणि त्या देवाची पूजा करण्याचे साधनही तोच आहे. ज्याची पूजा करायची ते आणि जिने करायची ती सामग्री, अशा दोन जागांवर एकच शब्द प्रथमेत आणि तृतीयेत उभा केला आहे. ‘धन’ही दोनदा येते, आणि त्याचाही प्रवास पाहण्यासारखा आहे: पहिल्या कडव्यात ते घरात आहे, दुसऱ्यात ते लोकांना वाटून टाकायचे आहे.

अशी आणखी उदाहरणे येथे जमावीत, ही इच्छा आहे. उतारा द्यावा आणि आवर्तन नेमके कुठे वळते ते दाखवावे. नुसते ‘अप्रतिम’ लिहिण्याची गरज नाही. तेवढे सर्वांना मान्य आहे.

दगडी पाटी

विवेचन आवडले, पण एक मूलभूत शंका आहे. अभंग हा डोळ्यांनी वाचायचा प्रकारच नव्हे. कीर्तनात किंवा भजनात ‘आनंदाचे डोहीं’ हा चरण प्रत्येक कडव्यानंतर परत घेतला जातो आणि टाळकरी तो उचलून धरतात. मग ‘आनंद’ हा शब्द दोन चरणांनंतर नाहीसा होतो, असे कसे म्हणता येईल? ऐकणाऱ्याच्या कानावर तर तो शेवटपर्यंत पडत राहतो. छापील पानावर दिसणारी शांतता ही कदाचित केवळ छपाईची आहे.

निळी शाई

शंका रास्त आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते. छापील गाथेत ध्रुपदाची, म्हणजे पुन्हा पुन्हा गायच्या कडव्याची, ‘ध्रु.’ ही खूण ज्या कडव्यापुढे आहे, ते कडवे पाहावे. या अभंगात ती ‘आनंदाचे डोहीं’पुढे नसून ‘काय सांगों जालें कांहींचियाबाही’ या कडव्यापुढे आहे. तुकोबांच्या बहुतेक अभंगांची हीच रीत आहे: पहिले कडवे उठाव देते आणि दुसरे ध्रुपद म्हणून चालते. त्या खुणेप्रमाणे गायले, तर दर खेपेस परत येते ते ‘काय सांगों’. आज गायक पहिली ओळ मुखडा म्हणून धरतात, हे खरे आहे आणि त्याचा परिणामही सुंदर होतो. पण तो आपल्या काळातील गायकीचा निर्णय आहे. दोन्ही पद्धतींनी हा अभंग म्हणून पाहिल्यास तो दोन वेगळ्या मनःस्थितींचा वाटतो. एकीत आनंद भरून राहतो, दुसरीत सांगता न येणे भरून राहते.

उत्तररात्र

‘आनंद’ थांबतो हे खरे आहे, पण आवर्तन थांबत नाही, आणि धागाकर्तीने हे सोडून दिलेले पाहून थोडे नवल वाटले. दुसरे कडवे ‘आवडीनें’ या शब्दावर संपते आणि तिसरे ‘गर्भाचे आवडी’ने सुरू होते. म्हणजे पहिल्या कडव्यातील शब्द खाली ठेवताच दुसऱ्याने तिसऱ्याच्या हाती नवा शब्द दिला. तिसऱ्या कडव्यात ‘तेथींचा जिव्हाळा तेथें बिंबे’ अशी आणखी एक जोडी आहे. शिवाय पहिल्या कडव्यातील ‘डोह’ तिसऱ्यात ‘डोहळा’ म्हणून कानाला पुन्हा लागतो. अर्थाचा संबंध नसला तरी नादाचा आहेच, आणि पाण्याने भरलेला डोह व भरलेले पोट यांच्यामध्ये तो नाद पूल टाकतो.

मुख्य म्हणजे गर्भाची आवड मातेच्या डोहाळ्यात उमटते, हा या अभंगाचा सिद्धांत आहे. आत जे आहे तेच बाहेर प्रकटते. असा सिद्धांत सांगणाऱ्या रचनेत एका कडव्यातील शब्द पुढच्या कडव्यात उमटावा, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

पैलथडी

पसायदानाविषयी लिहितो. ते आपल्याला इतके पाठ आहे की त्याचे व्याकरण दिसेनासे झाले आहे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी येणाऱ्या या नऊ ओव्यांतील केवळ क्रियापदे ओळीने लिहून काढावीत.

पहिल्या ओवीत ‘तोषावें’, ‘द्यावें’. त्यातही ‘तोषावें’ म्हणून झाल्यावर लगेच ‘तोषोनि’ येते: विनंती केली आणि ती मान्य झाली असे धरून पुढचे मागणे सुरू झाले. दुसऱ्या ओवीत ‘सांडो’, ‘वाढो’, ‘पडो’. तिसरीत ‘जावो’, ‘पाहो’, ‘लाहो’. या दोन ओव्यांत सहा क्रियापदे आहेत, सहाही चरणान्ती आहेत आणि सहांचाही शेवट ‘ओ’काराने होतो. येथपर्यंत मागण्याची लाट चढती आहे.

चौथीपासून बदल होतो. ‘वर्षत सकळमंगळीं । ईश्वरनिष्ठांची मांदियाळी । अनवरत भूमंडळीं । भेटतु भूतां ॥’ येथे मुख्य क्रियापद यमकाच्या जागेवरून उठून चौथ्या चरणात गेले. पाचव्या ओवीत, म्हणजे ‘चलां कल्पतरूंचे आरव । चेतनाचिंतामणींचें गांव । बोलते जे अर्णव । पीयूषांचे ॥’ या ओवीत, मागणारे क्रियापदच उरलेले नाही. मागणे सोडून कवी सज्जनांकडे नुसता पाहत राहिला आहे. सहावीत ‘चंद्रमे जे अलांछन । मार्तंड जे तापहीन’ अशा दोन ‘जे’ येतात, पाचवीतील ‘बोलते जे’ त्यांच्या मागे उभाच आहे, आणि या सगळ्यांना मिळून एकच ‘ते’ मिळतो: ‘ते सर्वांही सदा सज्जन । सोयरे होतु’. सातवीत ‘भजिजो’, आठवीत ‘होआवें जी’. ‘तोषावें’, ‘द्यावें’चा जो ‘आवें’ पहिल्या ओवीत होता, तो येथे परत आला.

आणि मग नववी ओवी.

येथ म्हणे श्रीविश्वेशरावो । हा होईल दानपसावो ।
येणें वरें ज्ञानदेवो । सुखिया जाला ॥

क्रियापदे आहेत ‘म्हणे’, ‘होईल’ आणि ‘जाला’. मागण्याचा अर्थ संपला. देवाच्या तोंडी भविष्यकाळ आला आणि लगेच पुढच्या दोन चरणांत भूतकाळ आला. ‘व्हावे’, ‘होईल’, ‘झाला’ हा सगळा प्रवास क्रियापदांच्या रूपांनीच पूर्ण केला आहे. येथे मला सर्वांत चकित करणारी गोष्ट अशी की यमकाचा ‘ओ’ परत आला आहे, पण आता तो क्रियापदांवर नाही. ‘रावो’, ‘पसावो’, ‘ज्ञानदेवो’ ही सगळी नामे आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या ओवीत जो नाद याचना करीत होता, तोच नाद शेवटी देणाऱ्याच्या, दानाच्या आणि घेणाऱ्याच्या नावांवर जाऊन बसला.

रोखठोक

सर्वांचा आदर ठेवून विरोधी बाजू मांडतो. ओवीच्या पहिल्या तीन चरणांत यमक साधावे लागते. इच्छा व्यक्त करायची तर जुन्या मराठीत ‘ओ’कारान्त रूपे मुबलक मिळतात, आणि प्रथमा एकवचनातील अनेक नामेही ओकारान्तच असत. कवीने हाताशी असलेले यमक वापरले, एवढेच त्यातून सिद्ध होते. पुरेसा मोठा मजकूर घेतला आणि चिकाटीने पाहिले, तर जमाखर्चाच्या वहीतही आवर्तने सापडतील. कोणत्या रचनेत काय दिसले तर तुम्ही तुमचे म्हणणे मागे घ्याल, ते आधी सांगावे. असे काहीच नसेल, तर ही समीक्षा नसून भक्ती आहे; भक्तीला माझी हरकत नाही, तिला समीक्षा म्हणण्याला आहे.

पैलथडी

यमकाची सोय होती हे मान्य आहे. पण सोय सर्व नऊ ओव्यांत सारखीच होती. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या ओवीत वापरली, चौथीपासून आठवीपर्यंत वापरली नाही आणि नववीत पुन्हा घेतली. या वाटणीचे स्पष्टीकरण सोयीने होत नाही. ग्रांथिक ओवीचा चौथा चरण आखूड असतो आणि त्याला यमकाचे बंधन नसते. त्यामुळे कोणता शब्द यमकात ठेवायचा आणि कोणता चौथ्या चरणात मोकळा सोडायचा, हा निर्णय कवीला दर ओवीत घ्यावाच लागतो. ‘मैत्र जीवांचें’, ‘प्राणिजात’, ‘अखंडित’ हे शब्द ज्याने त्या मोकळ्या जागेसाठी राखून ठेवले, त्याने क्रियापदांच्या जागा निष्काळजीपणे ठरवल्या असतील, असे मला वाटत नाही.

वडाचा पार

चौथ्या चरणाचा विषय निघालाच आहे, तर समर्थांचा उल्लेख हवा. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील पहिला समास म्हणजे मूर्खलक्षण.

जन्मला जयांचे उदरीं । तयासि जो विरोध करी ।
सखी मानिली अंतुरी । तो येक मूर्ख ॥

आपली आपण करी स्तुती । स्वदेशीं भोगी विपत्ति ।
सांगे वडिलांची कीर्ती । तो येक मूर्ख ॥

अशा ओव्यांची रांग लागते. तीन चरण यमकाने बांधलेले, आणि यमक नसलेल्या चौथ्या जागेवर दर खेपेस तोच निकाल. कान पहिल्या तीन चरणांत नव्या यमकाची वाट पाहतो आणि चौथ्यात त्याला ठाऊक असलेले वाक्य मिळते. समास ऐकणाऱ्या मंडळींनी तो चरण एका आवाजात पुरा करावा, अशीच ही घडण आहे. ऐकणारा दुसऱ्यांच्या मूर्खपणावर हसत हसत पुढे जातो. त्याच दशकाच्या दहाव्या समासात मात्र रामदास ‘शाहाणे असोनि मूर्ख’ अशांची लक्षणे सांगू लागतात आणि ठरलेल्या जागेवर ‘तो येक पढतमूर्ख’ हे शब्द येतात. चौकट तीच, भर एकाच शब्दाची. आतापर्यंत हसणारा शिकलेला श्रोता त्या एका शब्दात सापडतो. धागाकर्तीचा नियम येथे चोख लागू पडतो.

आता रोखठोक यांनी मागितलेले उलट उदाहरणही त्याच कवीचे देतो. मनाच्या श्लोकांत ‘नुपेक्षी कदा रामदासाभिमानी’ हा चरण सलग अनेक श्लोकांच्या शेवटी येतो. तो वळत नाही, थांबून काही उघड करीत नाही. पुढे ध्रुवासारख्या भक्तांची उदाहरणे येतात तेव्हा त्याच जागी ‘नुपेक्षी कदा देव भक्ताभिमानी’ असे शब्द येतात, आणि भुजंगप्रयात वृत्ताच्या मापात ते अचूक बसतात. पण आश्वासन तेच राहते. येथे आवर्तनाचे काम अर्थ वळवण्याचे नाही. भ्यालेल्या मनाला एकच गोष्ट अनेकदा सांगावी लागते, म्हणून ती अनेकदा सांगितली आहे. दोनशे पाच श्लोक मुखोद्गत करणाऱ्याला असे ठरलेले चरण विसाव्याचे थांबेही पुरवतात.

निळी शाई

हे उदाहरण मला फार उपयोगी वाटते, कारण त्यामुळे आवर्तनाच्या दोन जाती वेगळ्या करता येतात. एक पालुपदाची: तिचे बळ न बदलण्यात असते. दुसरी, एका शब्दाने किंवा रूपाने रचनेच्या आतून केलेल्या प्रवासाची. माझे विधान दुसरीपुरते आहे. रोखठोक यांच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे: पालुपद नसलेल्या एखाद्या उत्तम रचनेत ठळक शब्द पुन्हा पुन्हा आला, आणि त्याच्या कोणत्याही दोन आगमनांची अदलाबदल केली तरी काही बिघडले नाही, तर त्या रचनेपुरते माझे म्हणणे खोटे ठरेल. वर दिलेल्या अभंगात ‘शब्दांचींच रत्नें’ आणि ‘शब्दचि हा देव’ यांची अदलाबदल करून पाहा.

कोरडा भाट

ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातील श्रोत्यांना केलेली विनंती सर्वांना ठाऊक आहे. तीत शारदीय चंद्रकळा, चकोर, भ्रमर आणि कुमुदिनी येतात. उपमांची माळ म्हणून तिचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मी त्यातील उपमा बाजूला ठेवून केवळ दोन धातूंवर बोट ठेवतो.

जैसें शारदीचिये चंद्रकळे- । माजीं अमृतकण कोंवळे । ते वेंचिती मनें मवाळें । चकोरतलगें ॥
तियांपरी श्रोतां । अनुभवावी हे कथा । अति हळुवारपण चित्ता । आणूनियां ॥
हें शब्देंविण संवादिजे । इंद्रियां नेणतां भोगिजे । बोला आदि झोंबिजे । प्रमेयासी ॥
जैसे भ्रमर परागु नेती । परी कमळदळें नेणती । तैसी परी आहे सेविती । ग्रंथीं इये ॥
कां आपुला ठावो न सांडितां । आलिंगिजे चंद्रु प्रगटतां । हा अनुरागु भोगितां । कुमुदिनी जाणे ॥
ऐसेनि गंभीरपणें । स्थिरावलेनि अंतःकरणें । आथिला तोचि जाणें । मानूं इये ॥

‘इंद्रियां नेणतां’, मग ‘कमळदळें नेणती’. दोनदा न जाणणे. त्यानंतर ‘कुमुदिनी जाणे’ आणि लगेच ‘तोचि जाणें’. दोनदा जाणणे. सलग चार ओव्यांत तोच धातू नकारातून होकारात जातो. ‘भोग’ या धातूची वाटही तशीच आहे: ‘इंद्रियां नेणतां भोगिजे’ येथे भोग न जाणण्याबरोबर आहे, तर ‘हा अनुरागु भोगितां । कुमुदिनी जाणे’ येथे तो जाणण्याबरोबर आला आहे.

हा केवळ शब्दांचा खेळ असता तर मी तो येथे आणला नसता. या ओव्यांत ग्रंथ कसा ऐकावा याची शिकवण आहे. चकोराची पिले कण हलकेच वेचतात. भ्रमर पराग नेतो आणि पाकळीला पत्ता लागत नाही. येथपर्यंत घेणारा आणि ज्याच्याकडून घ्यायचे तो, हे दोघे वेगळे आहेत, आणि घेण्याची नजाकत समोरच्याला न कळण्यात आहे. कुमुदिनीपाशी हे उलटते. ती कुठे जात नाही, आपला ठाव सोडत नाही, काही नेत नाही. चंद्र उगवला की जागच्या जागी त्याला भेटते, आणि ‘जाणे’ हे क्रियापद प्रथमच वापरले जाते ते तिच्यासाठी. उपमा तीन आहेत म्हणून त्या एकमेकींच्या बदली आहेत, असे आपण धरून चालतो. ‘जैसें’, ‘जैसे’ आणि ‘कां’ या जोडणाऱ्या शब्दांमुळे तसा भास होतो खरा. आतील धातू मात्र सांगतात की ही चढण आहे आणि तिची वरची पायरी कुमुदिनीची आहे.

सांजपाऊस

अशी आवर्तने संगणकाकडून शोधून घेता येतील का? मजकूर युनिकोडमध्ये उपलब्ध आहे.

कोरडा भाट

काही प्रमाणात येतील. ‘शब्द’ किंवा ‘आनंद’ यांसारखी नामे आरंभीच्या अक्षरांवरून सापडतात, कारण विभक्तीचे प्रत्यय शेवटी लागतात. क्रियापदांत अडचण सुरू होते. ‘तोषावें’ आणि ‘तोषोनि’ जुळतील, पण ‘नेणती’ आणि ‘जाणे’ ही यंत्राच्या दृष्टीने दोन अनोळखी रूपे आहेत. त्यांचे नाते आधी कोणीतरी नोंदवून द्यावे लागेल. ‘कां’सारखा शब्द तर कधी ‘किंवा’ असतो, कधी प्रश्न असतो. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या जुन्या मराठीच्या कोशासारखा ग्रंथ शेजारी ठेवून, यंत्राने दिलेली यादी हाताने चाळणे, हा मार्ग मला व्यवहार्य वाटतो.

दगडी पाटी

पाठभेदांचा मुद्दा येथे टाळता येणार नाही. धागाकर्तीने ‘शब्द वाटूं धन’ असा पाठ दिला आहे. गाथेच्या काही पाठांत तेथे ‘शब्दें वाटूं धन’ असे आहे. एका अनुस्वाराचा आणि एका मात्रेचा हा फरक आवर्तनाचा नकाशा बदलतो. ‘शब्द वाटूं’ म्हटले तर शब्द हेच वाटायचे धन आहे. ‘शब्दें वाटूं’ म्हटले तर शब्द हे वाटण्याचे साधन झाले, आणि मग शेवटच्या ‘शब्देंचि गौरव’मधील तृतीया नवी राहत नाही, तिची चाहूल मधल्या कडव्यातच लागलेली असते. ज्ञानेश्वरीबाबत हे आणखी गंभीर आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची प्रत शुद्ध केली, म्हणजे त्याआधीच पाठ बिघडल्याची जाणीव होती. आणि इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली त्यांना मिळालेल्या जुन्या पोथीवरून वेगळीच प्रत छापली. म्हणून ज्या निरीक्षणाचा सगळा भार एका प्रत्ययावर आहे, ते मांडताना आपण कोणता पाठ घेतला हे सांगितलेच पाहिजे. यमकातील शब्द त्या मानाने सुरक्षित असतात, कारण ते बदलले तर लिहिणाऱ्यालाही चूक ऐकू येते.

उत्तररात्र

पाठभेदाने न हलणारे एक उदाहरण देते. चोखोबांचा अभंग आहे; त्यात ‘डोंगा’ म्हणजे वाकडा.

ऊस डोंगा परि रस नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा ॥

पुढे त्याच साच्यात कमान डोंगी पण तीर डोंगा नाही, नदी डोंगी पण जळ डोंगे नाही, अशी कडवी येतात. काही ठिकाणी त्यांचा क्रम मागेपुढे होतो. ‘काय भुललासी वरलिया रंगा’ हे पालुपद कायम राहते. ऊस, कमान आणि नदी यांच्या लिंगाप्रमाणे ‘डोंगा’ बदलत जातो, एवढीच हालचाल. मग शेवटचे कडवे येते: ‘चोखा डोंगा परि भाव नोहे डोंगा’.

अभंगाच्या अखेरीस कवीचे नाव येते, हा संकेत आहे. पण ते सहसा बोलणाऱ्याच्या जागी येते. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’. ही जागा अधिकाराची आहे: कवी कडव्यांच्या बाहेर उभा राहून निष्कर्ष सांगतो. चोखोबा येथे ‘चोखा म्हणे’ असे म्हणत नाहीत. ते आपले नाव साच्याच्या त्या रिकाम्या जागेत ठेवतात, जिथे आधी ऊस, कमान आणि नदी होती. चौदाव्या शतकात, महार म्हणून विठ्ठलाच्या दाराबाहेर थांबवलेल्या माणसाने आपल्याला लावलेले ‘डोंगा’ हे विशेषण तीन निर्विवाद वस्तूंच्या पंक्तीत बसून स्वीकारले आहे. उसाचा रस वाकडा नसतो हे ज्याने पहिल्या कडव्यात मान्य केले, त्याला शेवटचे कडवे नाकारता येत नाही. साच्याच्या आवर्तनाने श्रोत्याकडून तीनदा होकार घेतला आहे, आणि चौथा होकार आपोआप निघतो. यातले पालुपद न बदलणारे आहे आणि साचा बदलणारा आहे. दोन्ही जाती एकाच अभंगात शेजारी नांदतात.

रोखठोक

हे पटले. येथे अदलाबदलीची कसोटी लावून पाहिली. ऊस आणि नदी यांच्या जागा बदलल्या तरी चालते, चोख्याची जागा बदलता येत नाही.

माझ्याकडून एक गद्य उदाहरण, कारण सगळी चर्चा पद्यावर चालली आहे. जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथाच्या उपोद्घाताच्या आरंभीची वाक्ये सभागृहांच्या भिंतींवर इतकी रंगवली गेली आहेत की ती कोणी वाचत नाही.

‘विद्येविना मति गेली, मतिविना नीति गेली, नीतिविना गति गेली, गतिविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले.’

अलंकारशास्त्रात याला कारणमाला म्हणतील. प्रत्येक वाक्याचा कर्ता पुढच्या वाक्यात ‘विना’ला जोडला जातो. पण क्रियापदे पाहावीत. ‘गेली’ तीनदा, मग ‘गेले’, मग ‘खचले’. ही सगळी अकर्मक आहेत. मती गेली, नीती गेली. कोणी नेली असे वाक्य म्हणत नाही. अशा वाक्यांत दोष कोणाचाच नसतो, गोष्टी आपल्या आपण घडत जातात, आणि शेतकऱ्याच्या दैन्याविषयी लोक ज्या हताशपणे बोलतात त्याचे व्याकरण नेमके हेच असते. शेवटच्या वाक्यात यमक राखून क्रियापद ‘केले’ होते. प्रथमच सकर्मक क्रियापद आले, आणि त्याबरोबर तृतीयेतील कर्ता आला: ‘अविद्येने’. ‘विना’ हा शब्द पाच वेळा अभाव सांगत होता. सहाव्या वाक्यात तो गळून पडला आणि त्याच्या जागी अभाव स्वतः कर्ता म्हणून उभा राहिला. पहिला शब्द ‘विद्ये’ने सुरू होतो, शेवटचा कर्ता ‘अविद्ये’ आहे. ही अविद्या शेतकऱ्यावर कोणी लादली आणि तीवर कोण पोसले जाते, हे सांगण्यासाठी त्यांनी पुढचा सगळा ग्रंथ खर्च केला, आणि तेथे भटकामगार (ब्राह्मण सरकारी नोकर) आणि गोरे कामगार (इंग्रज अधिकारी) यांची नावे घेताना त्यांनी अकर्मक क्रियापदांचा आडोसा घेतला नाही.